क्वालिटीवाल्यांची सूर्यमाला

फुकट काही देणारा माणूस आला की आमच्या गावात त्याच्याकडं आधी पायांपासून डोक्यापर्यंत बघतात आणि मग डोक्यापासून पायांपर्यंत. मीही त्याच गावची. त्यामुळं क्वालिटीवाले काका पहिल्यांदा वाचनालयाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, इथं येणाऱ्या लोकांना सूर्य, चंद्र, ग्रह हातानं करून दाखवायचेत, पैसे नकोत," तेव्हा मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. मनात म्हटलं, आलं एक झेंगट.

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. कडीला अडकवलेलं उघडं कुलूप हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "रोज लावल्यावर ओढून बघता?"

"बघते की."

"कशावरून?"

आता कुलूप ओढून बघितलं हे कशावरून सांगायचं? पण त्या दिवशी संध्याकाळी मी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला.

'कशावरून' हा त्यांचा रामराम होता. कुणी म्हणालं आज ऊन फार आहे, तर कशावरून. कुणी म्हणालं पोरगं हुशार आहे, तर कशावरून. उभा जन्म त्यांनी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात काढलेला. समोर माल यायचा, तो मोजायचा आणि पास किंवा नापास ठरवायचं. रिटायर झाले, पण मशीन बंद झाली तरी पट्टा काही वेळ फिरत राहतो तसं यांचं चालूच राहिलं. शर्टाच्या खिशात पांढरा आणि तांबडा खडू. कमरेला चामडी पाकिटात पन्नास मीटरची टेप, जी ते दुसऱ्याच्या हातात कधी देत नसत. बाजारात वांगी घेतली तर घरी जाऊन आपल्या काट्यावर परत तोलत. वांगीवालीला ते माहीत झालं होतं, म्हणून ती यांना आपणहून दोन जास्त टाकायची. मग जास्त आली म्हणूनही ते परत यायचे. एकदा फाट्यावर उभ्या असलेल्या एसटीचा मागचा दिवा फुटलेला दिसला, तर यांनी तिच्या पाठीवर तांबड्या खडूनं मोठी फुली मारली. कंडक्टर मागं लागला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "गाडी नापास आहे. पुसू नका."

असा माणूस आमच्या गावात येऊन गुऱ्हाळाशेजारी दोन खोल्या भाड्यानं घेतो, ना इथं त्याचं कुणी सोयरं ना धायरं, आणि म्हणतो मला सूर्यमाला दाखवायचीय. तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय येणार? कुणी म्हणालं, भिशी काढणार. कुणी म्हणालं, पुढच्या पंचायतीला उभा राहणार. मी विचारलं होतं त्यांना सरळ, "आमचंच गाव का?" तर म्हणाले, "इथून नदीपलीकडंपर्यंत सरळ सहा-साडेसहा किलोमीटर रिकामं मिळतं." या एका वाक्यानं पुढं काय काय झालं ते सांगतेच.

मी त्यांना हाकललं का नाही, याचं कारण साधं आहे. वाचनालयाची खोली जायला आली होती. ग्रामपंचायतीच्या शेजारी, रस्त्याला लागून, अगदी मोक्याची खोली. पतसंस्थेचा तिच्यावर डोळा. पंचायतीत उघड बोललं जायचं की चार म्हातारे पेपर वाचायला येतात, त्यांच्यासाठी एवढी जागा कशाला अडवायची. माझं म्हणाल तर या गावात माझ्या नावावर ना घर आहे ना वावर. पण त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. तिथली खुर्ची माझी आहे. माणसं वाढली तर खोली राहणार होती. म्हणून मी म्हटलं, करा काय करायचं ते, पण माझी पुस्तकं खराब झाली तर बघा.

पुस्तकांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "लिहिलंय म्हणून खरं, हे मला चालत नाही," म्हणाले.

"मग वाचनालयात कशाला आलात?"

"लिहिलेलं तपासायला. तपासायला आधी पुस्तक लागतं का नाही?"

मी रजिस्टर ओढलं आणि त्यांचं नाव लिहून घेतलं.

पहिला उद्योग पत्र्याच्या भोकाचा. वाचनालयाच्या पत्र्याला एक गंजलेलं, वेडंवाकडं भोक होतं. पावसाळ्यात मी खाली बादली ठेवायचे. उन्हाळ्यात दुपारी त्यातून फरशीवर उजेडाचा एक ठिपका पडायचा. आमची पेपरवाली म्हातारी मंडळी त्यावर पाय ठेवून वर्षानुवर्षं बसलेली, पण त्या ठिपक्याकडं बघितलं कुणीच नव्हतं. काकांनी विचारलं, "भोक कसंय?" सगळे वर बघून म्हणाले, वाकडं. "आणि उजेड?" सगळ्यांनी खाली बघितलं. उजेड गोल, रुपयाच्या नाण्यासारखा. मग त्यांनी म्हाताऱ्यांच्या हातात कात्र्या आणि पुठ्ठे दिले. त्रिकोणी भोक पाडा, चौकोनी पाडा, हवं ते पाडा, फक्त लहान पाडा. शिडी लावून एकेक पुठ्ठा वरच्या भोकाखाली धरला. त्रिकोणातूनही गोल, चौकोनातूनही गोल. "तो उजेड भोकाचा नाहीच," काका म्हणाले, "तो सूर्याचा फोटो आहे. सूर्य गोल, म्हणून तोही गोल." एका आबांनी पाय उचलून घेतला तो परत त्या जागी ठेवला नाही. मी मात्र वैतागले, कारण काकांनी भोक बुजवायला कायमची बंदी केली. आमच्याकडच्या दुर्बिणीत पाऊस येतो, असं मी पाहुण्यांना सांगायचे.

मग परातीतले खड्डे. आधी ते बाजरीचं पीठ मागायला लागले. मी म्हटलं, बायका तुम्हाला परातीत घालून बडवतील. मग गुऱ्हाळावरची राख आणली, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि लोकांना उंचावरून गोट्या टाकायला लावल्या. गोटी पडली की खालची काळी राख पांढऱ्यावर उडून चारी बाजूंना किरणांसारखी पसरायची. हुबेहूब चंद्रावरचे डाग. आमचे वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा, गावातले वजनदार बागायतदार, एरवी सही करण्यापुरते यायचे. त्या दिवशी गोट्या टाकता टाकता त्यांचं धोतर राखेनं भरलं तरी उठेनात.

आप्पांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकींची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. काकी कधी वाचनालयाची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या आप्पांना जेवायला बोलवायला. काकांनी खिडक्यांवर पोती टाकून अंधार केलेला, एका कोपऱ्यात दिवा आणि लोकांच्या हातात काडीला टोचलेला एकेक चेंडू. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. काकींच्या हातातही त्यांनी चेंडू दिला आणि म्हणाले, "फिरा." काकी लाजत लाजत फिरल्या. अर्धा चेंडू उजळलेला, मग सगळा, मग कमी कमी. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अवो, म्हंजी चतुर्थीचा उशीर ह्यामुळं व्हय?"

"कसला उशीर?"

"पुनवेला दिवं लागायला चांद वर. मग रोज थोडा थोडा मागं पडतोय. चतुर्थीला तर जीव खातो नुसता."

"रोज मागं पडतो हे कशावरून?"

"कशावरून म्हंजी? संकष्टीचा उपास मी धरती, तुमी न्हाई. पोटाला कळतंय किती मागं पडला त्ये."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खिशातून पांढरा खडू काढून काकींच्या चेंडूवर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. माझ्या चहालासुद्धा तोवर मिळाला नव्हता.

माणसं वाढली. खोलीचं बोलणं थोडं थांबलं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी सूर्यमाला काढली.

गुऱ्हाळवाल्याकडं गुळाची एक जुनी, तळ गेलेली काहील पडली होती. दोन मीटर रुंद. ती पिवळी रंगवून त्यांनी वाचनालयाच्या भिंतीला उभी केली. हा सूर्य. "आता सूर्य काहिलीएवढा धरला तर पृथ्वी गोटीएवढी," त्यांनी सांगितलं, "आणि ती इथं नाही, पार दूध डेअरीपाशी." म्हणजे ग्रह त्याच मापानं लहान आणि त्याच मापानं लांब. गुरू नारळाएवढा, कालव्याच्या चारीवरच्या पुलाशी. नेपच्यून थेट नदीच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात. लोकांनी सूर्यापासून निघायचं आणि चालत चालत ग्रह गाठायचे, म्हणजे आकाश किती मोकळं आहे ते पायांना कळतं, असा त्यांचा बेत. राहू गाव आमच्यापासून जवळच. तिकडच्या एका पाहुण्यानं विचारलंही, आमचा राहू कुठं रोवला? काका म्हणाले, राहू ग्रहात धरत नाहीत. पाहुणा चहा न घेता गेला.

बेत चांगला होता. पण या माणसानं केलं काय, तर कुंपणाचे जुने सिमेंटचे खांब आणले, चुन्यानं पांढरे केले, डोकं तांबडं रंगवलं, त्यावर काळ्या रंगात आकडे टाकले आणि टेप लावून, सरळ रेषेत, लोकांच्या बांधांवर रोवून आले. मी विचारलं, "मालकांना विचारलंत का?" तर म्हणाले, "शेतात कुठं लावले? बांधावर लावले. बांध तर कुणाचाच नसतो."

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडं सगळ्यात जास्त मालकी असते ती बांधाची. शेत एक वेळ माणूस सोडेल. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. आणि त्यात पांढरा खांब, तांबडं डोकं, वर आकडा. असला खांब दिसला म्हणजे रस्ता आला, जमीन गेली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नव्या रस्त्याची बोलवा तर रोजच असते. आज कासुर्डीकडून जाणार, उद्या आमच्यावरून.

झालंही तसंच. आप्पांचे चुलतभाऊ नाना, दोघांची वावरं एकमेकांना लागून आणि बोलणं फक्त कोर्टाच्या तारखेला, त्यांच्या बांधावर एक खांब उगवला. त्यावर आकडा सहा. नाना वाचनालयात कधी फिरकत नसत, म्हणजे सूर्यमाला वगैरे त्यांच्या कानावर नाही. त्यांनी डोकं चालवलं. जमीन जाणारच आहे तर फळझाडांची जास्तीची भरपाई तरी घ्यावी, म्हणून अर्ध्या उभ्या उसावर कोयता चालवला आणि तिथं आंब्याची कलमं लावली. कडेला पत्र्याची शेडही ठोकली. आणि गावभर सांगत सुटले, "त्यो क्वालिटीवाला एजंट हाय. वाचनालयाच्या नावाखाली सर्वे चाललाय. ग्रंथपाल बाई बी सामील हायती."

सामील म्हणे. मला पगार किती मिळतो ते नानांना माहीत असतं तर असं म्हणाले नसते.

पण खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. एका रविवारी काकांच्या दारात पांढरी गाडी आली, दोन पॅंट-शर्टवाले उतरले, त्यांच्या हातात कागदाची लांब गुंडाळी. मी दुसऱ्या दिवशी पुस्तक परत न्यायचं निमित्त करून त्यांच्या खोलीवर गेले. भिंतीवर आमच्याच गावाचा नकाशा. वाचनालयापासून नदीपलीकडंपर्यंत, लोकांच्या वावरांवरून गेलेली एक तांबडी रेघ. मी काहीच न विचारता माघारी आले. एवढा 'कशावरून, कशावरून' करणारा माणूस, स्वतःबद्दल कधी काही सांगत नाही, बायको कुठली, गाव कुठलं, पोरंबाळं आहेत का नाहीत. बाकी सगळ्यांना नापास करणाऱ्याला आम्ही तपासलंय का कधी? स्वयंपाक करताना भाकरी करपली तेव्हा सासूबाई ओरडल्या, "ध्यान कुठं हाय तुजं?" ध्यान त्या तांबड्या रेघेवर होतं.

पंचायतीनं निकाल सांगून टाकला. रविवारी सकाळी वाचनालयात बैठक. ह्या माणसाचं काय ते तिथं लावायचं. सर्वेवाला निघाला तर तो गावाबाहेर, आणि वाचनालयाला कुलूप, खोली पतसंस्थेला.

त्या रविवारी जेवढी माणसं वाचनालयात होती तेवढी मी कधी पाहिली नव्हती. आत मावेनात म्हणून सूर्याखाली बसली. आप्पा अध्यक्ष म्हणून खुर्चीवर, पण तोंड पाडून. काकी बायकांमध्ये पुढं. काका उभे होते, खिशात दोन खडू, कमरेला टेप. नाना उठले.

"तुमी म्हणता ह्ये गिरह हायत. आमी म्हणतो रस्ता हाय. तुमी एजंट न्हाई, ह्ये कशावरून?"

काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या माणसाला काही कळतंय की नाही? लोक याला हाकलायला बसलेत आणि हा खूश होतोय. इतक्या दिवसांत गावात कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला होता.

"बरोबर विचारलंत," ते म्हणाले. "गाडीतून आली ती माझ्या हाताखालची कंपनीतली मुलं. माझ्यासाठी नकाशा छापून आणला. पण हे मीच सांगतोय, म्हणून ते धरू नका. त्यांना फोन लावलात तरी ती माझीच माणसं, तेही धरू नका. असं करा. रस्त्याचे खांब सारख्या अंतरावर असतात. माझे सारखे नाहीत. प्रत्येक ग्रह सूर्यापासून किती लांब, ते पुस्तकात दिलेलंय. पुस्तक मॅडमकडं, मी हात लावणार नाही. तुम्ही मोजा. जुळलं तर सूर्यमाला. एक जरी चुकला तरी मी चाललो."

आणि त्यांनी कमरेची टेप काढून नानांच्या हातात दिली. ती टेप. मी कपाटातून आधी भलतंच पुस्तक काढलं, कारण त्यांच्या जाण्याबरोबर माझी किल्लीही जाणार होती, आणि त्यांची तांबडी रेघ खरी की खोटी हे मला त्या क्षणालाही माहीत नव्हतं.

निघाला सगळा गाव. नाना टेपचं एक टोक धरून, दुसरं टोक पंचायतीच्या सदस्यांकडं, आणि मी मागं पुस्तक उघडून. काहिलीच्या मापाचा हिशेब पुस्तकातल्या आकड्यांवरून आम्ही सगळ्यांसमोर करायचो आणि मग टेप लांबवायचो. बुध जुळला. शुक्र जुळला. दूध डेअरीपाशी पृथ्वी जुळली, तेव्हा डेअरीवाला म्हणाला, "म्हंजी आपण सगळी ह्या गोटीवर?" आणि मागं वळून लांबच्या काहिलीकडं बघत राहिला. मंगळ जुळला. तिथून गुरूपर्यंत चालता चालता लोकांचं बोलणं बदलायला लागलं. "आयला, किती मोकळं हाय रं मधी," कुणीतरी म्हणालं. चारीच्या पुलाशी गुरू जुळला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला जरा हायसं वाटलं.

मग शनी.

पुस्तकाप्रमाणं माप भरलं ते आप्पांच्या बांधावर. तिथं काहीच नव्हतं. खांब उभा होता एक अख्खं वावर ओलांडून पुढं, नानांच्या बांधावर, आंब्याच्या कलमांशेजारी.

"घावला," नाना ओरडले. "जुळंना. घावला चोर."

काकांनी टेप मागून घेतली. मागच्या खुणेपासून परत मोजलं. मग आणखी मागून. टेपची कडी तपासली. "उन्हानं टेप वाढते," स्वतःशीच म्हणाले, "पण इतकी नाही." मग ते सरळ चालत नानांच्या बांधावर गेले, खिशातून तांबडा खडू काढला आणि आपल्याच खांबावर फुली मारली.

"नापास," म्हणाले. "चूक माझी आहे. नाना, तुमचं बरोबर. मी उद्या खोली सोडतो."

मला इतका राग आला त्या माणसाचा. दुसऱ्याची वांगी तीन-तीनदा तोलणारा, स्वतःला एका झटक्यात नापास करून मोकळा. आणि तेवढ्यात माझं लक्ष आप्पांच्या बांधाकडं गेलं. सगळा बांध मोकळा, आणि टेप संपली होती नेमक्या त्याच जागेवर उसाचं पाचट ढिगानं पडलेलं. मी बघितलं. शेजारच्या माणसानं बघितलं. हळूहळू सगळ्या गावानं ते पाचट बघितलं, आणि आप्पा आभाळाकडं बघायला लागले. पण बोलेना कुणी. बांधावरचा हद्दीचा दगड कुणी सारला हे काढायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या घरात काही ना काही असतंच. मी तोंड उघडणार तोच काकी पुढं आल्या.

"अवो, सांगा की. खड्डा तर आपल्याच बांधावर हाय."

"तू गप," आप्पा म्हणाले.

"म्या का गप बसू? त्या माणसानं मला पास केलंय. तुमच्यापायी त्येला नापास व्हऊ देऊ?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "हलवला म्या," म्हणाले. "पोराचं लग्न जमंना, आन् ह्यांनी शनी आणून रोवला माझ्या बांधावर. मंग काय करू? सारला पल्याड."

"कशावरून?" हे काका. त्या अवस्थेतही.

आप्पांनी पायानं पाचट उडवलं. खाली खड्डा होता, आणि त्याच्या कडांना पांढरा चुना लागलेला. काकांनी टेप धरली. खड्ड्याच्या बरोबर मध्यावर माप जुळलं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. "म्हंजी शनी माझ्या गळ्यात मारला व्हय रं?" नाना आप्पांवर धावून गेले. "आन् माझा ऊस? माझी कलमं?" कलमांचं नाव निघालं आणि सगळा गाव हसायला लागला. पंचायतीचे सदस्य तर वाकून वाकून हसले. नाना स्वतः हसायचे थांबेनात शेवटी, पण आप्पांची कॉलर सोडत नव्हते.

काका बाजूला बांधावर बसले होते. मी जवळ गेले. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, निदान जिंकल्यासारखा तरी दिसेल. त्यांनी वर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माणसं रोवलेला खांब हलवतात?"

टेपवर संशय घेतला, उन्हावर घेतला, शेवटी स्वतःवर घेतला. आमच्यावर घेतला नव्हता. आमच्यातल्या कुणाच्याही मनात जे आधी आलं असतं ते त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आणि आम्ही, मीसुद्धा, त्यांच्या खोलीच्या भिंतींवर काय लावलंय ते चोरून बघत होतो.

"हलवतात काका," मी म्हटलं. "आमच्याकडं नेहमीचंच आहे."

त्यांनी चष्मा पुसला. समोर आप्पा-नानांची झोंबाझोंबी चालली होती तिकडं बघितलं. मग म्हणाले, "हलवतात म्हणजे मोजायला माणसं कायम लागणार. मग तुमचं वाचनालय काही बंद पडत नाही."

नाहीच पडलं. खोलीचं नाव त्यानंतर पंचायतीत कुणी काढलं नाही. अख्खी पंचायत त्या दिवशी टेप धरून शनीपर्यंत चालली होती, आता कोणत्या तोंडानं काढणार? शनी टेपनं ठरवलेल्या जागी, आप्पांच्या बांधावर परत गेला. मी म्हटलं, आता तरी सिमेंट ओतून पक्का करा. तर काका म्हणाले, "पक्का केला तर तपासायला कोण येणार?" आणि खरंच, महिन्यातून दोन-चार वेळा आप्पा येतात, "मॅडम, टेप द्या, नान्यानं हलवला का बघून येतो." ते गेले की नाना येतात. येताना पुस्तकही नेतात, मोकळ्या हातानं जाणं बरं दिसत नाही म्हणून. शनिवारी काकी त्या खांबावर तेल घालतात. काका मोजायच्या आधी फडक्यानं ते पुसून घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. पोराचं लग्न अजून जमलेलं नाही. शनी येण्याआधीही ते जमत नव्हतंच, हे काकांनी आप्पांना समजावून सांगितलं. आप्पा म्हणाले, "कशावरून?"

आता काका इथं नाहीत. गुडघे गेले, शिरूरला बहिणीकडं राहतात, नेपच्यूनच्याही पलीकडं. टेप इथंच माझ्या कपाटात ठेवून गेले. अधूनमधून फोन येतो. तब्येत कशी, जेवण झालं का, असलं काही नाही. आज दुपारीही आला, मी नुकतीच डबा खाऊन बसले होते.

"शनी जागेवर आहे का?"

"आहे काका."

"कशावरून?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी चरफडत फोन ठेवला, कपाटातून टेप काढली, डोक्यावर पदर घेतला, खोलीला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.